आधी काम दे, मग ब्लँकेट

प्रिय ब्रदर,

पत्र मिळालं. झारखंडच्या बांधकाम मजुरांना नाताळात ब्लँकेटं द्यायची की रेशन, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मंडळाकडे पैसे किती मागायचे, यातच दोन पानं संपवलीस. ती माणसं मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, कुठे असतात, हे मात्र लिहिलं नाहीस. मी सांगतो. शेवटच्या बाकामागे, दाराशी उभी. वसईत मी हेच पाहत आलो आहे.

त्यांना चर्चमध्ये काम दे. वाटप नंतर.

सिमडेगा-गुमल्याकडचा तो उराँव किंवा खडिया आदिवासी पोरगा आपल्याकडे श्रद्धा शिकायला आलेला नाही. त्याच्या मुलखात, छोटानागपुरात, मिशनरी फादर लिव्हन्स 1885 साली पोहोचले आणि जमिनीच्या खटल्यांत आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. त्याच चर्चचे टेलेस्फोर टोप्पो 2003 साली कार्डिनल झाले. या पोराला तिकडच्या सादरी बोलीतली गाणी पाठ असतील, मांदर हा ढोलही वाजवता येत असेल. विचार तरी! मिस्सातलं बायबलचं पहिलं वाचन दे त्याला, हिंदीत. गायनवृंदात घे. मंडळावर एक जागा दे. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, खुर्च्या उचलणं हे काम मी धरत नाही. त्याला आपण बोलावतोच.

मंडळी म्हणतील, मराठी मिस्सा घालवायची का? लॅटिन जाऊन मराठी आली, ती लोकांना कळावं म्हणूनच ना? वसईकरांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. वाड्या गेल्या, विहिरी खारावल्या, मराठी कानावर पडेनाशी झाली. पण त्या वाड्या विकल्या कोणी? विटा वाहणाऱ्याने नाही. आणि आपली पोरं आखातात जातात तेव्हा? दुबईच्या सेंट मेरीमध्ये कोकणी, मल्याळम, तागालोग अशा कितीतरी भाषांत मिस्सा होतात. त्याचं आपण घरी येऊन कौतुक करतो.

मी दुपारची हिंदी मिस्सा सुरू केली होती. रविवारी सकाळी साइट चालू असते आणि घरकामाच्या मुलींना सुट्टी जेवणानंतर मिळते, म्हणून दुपारची. मला ‘भय्यांचा फादर’ म्हणायचे. म्हणू देत. बदली झाली आणि मिस्सा बंद पडली, ते मात्र अजून सलतं. लोक म्हणतात मी घाई केली. घाई कसली? मंडळावर त्यांचा एक माणूस घ्या म्हणून मी दर बैठकीत भांडत होतो. तो असता तर कोणी बंद केली असती?

म्हणून पुन्हा सांगतो, काम दे. दयेने तुझा गळा भरून येतो हे मला माहीत आहे, तू चांगला मुलगा आहेस. पण नुसत्या दयेने माणूस दारातच उभा राहतो.

‘हे आपले धर्मग्रामस्थ नाहीत, आज आहेत, उद्या जातील’ असं सेक्रेटरी म्हणाले, त्यावर तू गप्प बसलास. सेमिनरीत कॅनन लॉ, चर्चचा कायदा, शिकलास ना? कलम 102 काढ. तीन महिने राहायचा इरादा असला तरी माणूस त्या धर्मग्रामाचा होतो. आणि ज्याला कुठेच ठिकाणा नाही त्याचं काय, ते कलम 107 मध्ये आहे: तो आज जिथे राहतो, तिथलाच धर्मगुरू त्याचा धर्मगुरू. पुढच्या बैठकीत दोन्ही कलमं मोठ्याने वाच. बाप्तिस्म्याचे दाखले नाहीत ही सबब आली, तर त्यांच्या गावच्या फादरांना फोन लाव. हिंदी येते तुला.

तुझा,
फादर