यीस्ट तुटलेला डीएनए जोडतं म्हणजे गाठ मारतं का?

प्रश्न: सर, एप्रिलात यीस्टचं पाकीट गच्चीवर विसरलं, दोन दिवस उन्हात पडलेलं, आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहितीय. मी फेकणार होतो पण मिसेसनी कोमट साखरपाण्यात टाकलं तर दहा मिनिटात फेस! बारावीतला मुलगा म्हणतो उन्हानं डीएनए तुटला आणि यीस्टनी रिकॉम्बिनेशन करून जोडला. खरंय का? आणि जोडतं म्हणजे मागावर तुटलेल्या धाग्याला मारतो तशी गाठ का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर: मुलाचं निम्मं बरोबर आहे. चकचकीत पाकिटात ऊन शिरतच नाही हो, ते नुसतं तापतं, आणि वाळवलेलं यीस्ट भलतं चिवट, ट्रेहॅलोज नावाची साखर कोरडेपणात पेशी सांभाळते, काही मेल्या असतील, उरलेल्यांनी फेस काढला. शिवाय उघड्यावर अल्ट्राव्हायोलेट लागलं तरी डीएनएची शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, ती सोडवायची सोय वेगळी.

रिकॉम्बिनेशनची पाळी येते ती डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की, एक्स-रेनं तुटतात तसे. आता गाठ. टोकाला टोक चिकटवायची पद्धत यीस्टकडेही आहे पण त्यात मधली अक्षरं गळाली तर गेलीच, म्हणून यीस्टचा भर दुसऱ्या पद्धतीवर, तेच रिकॉम्बिनेशन. तुमच्याकडे जेकार्डचं (मागावर नक्षी ठरवणारं) भोकाचं कार्ड फाटलं तर अंदाजानं भोकं पाडता का? दुसऱ्या सेटमधलं तेच कार्ड काढून त्याच्यावरून नवीन पाडता, नाहीतर चादरीवरच्या मोराची मान जायची. यीस्टही तेच करतं. तुटल्या जागी दोन्ही बाजूंचा एकेक धागा कुरतडून मागं नेतात, दुसरा उघडा लोंबतो, त्याच्यावर रॅड५२ हे प्रोटीन रॅड५१ ला आणून बसवतं, आणि मग हा रॅड५१ चढवलेला धागा १६ क्रोमोसोममधल्या सव्वा कोटीच्या आसपास अक्षरांत आपल्यासारखाच मजकूर शोधत फिरतो, सापडला की त्या चांगल्या कॉपीत घुसतो आणि तिच्यावरून हरवलेलं लिहून काढतो. मला तर हे शोधणंच सगळ्यात भारी वाटतं.

रॅड म्हणजे रेडिएशन. किरणं सोसत नाहीत असे बिघडलेले यीस्ट शोधता शोधता हे जीन सापडले. रॅड५२ बिघडलेल्या यीस्टला अशी एक तुटदेखील जिवावर बेतू शकते.

१९८१ मध्ये ऑर-वीव्हर, शोस्टॅक आणि रॉथस्टीन या शास्त्रज्ञांनी डीएनएच्या गोल कड्यातला एक तुकडाच कापून काढला आणि ते कडं यीस्टमध्ये सोडलं, तर यीस्टनी आपल्या क्रोमोसोमवरची नक्कल काढून भगदाड भरून दिलं! १९८३ मध्ये त्यांनी स्टाल यांच्यासोबत तुटीपासून सुरू होणारं रिकॉम्बिनेशनचं मॉडेल मांडलं.

आणि गंमत म्हणजे काही यीस्ट स्वतःच स्वतःला कापतं. यीस्टच्या दोन जाती असतात, ए आणि अल्फा (नर-मादी नाही, पण जवळपास तसंच समजा). जोडी जमलेली नसली की एचओ नावाचं एन्झाइम जात ठरवणाऱ्या जागीच दोन्ही धागे तोडतं, आणि दुरुस्ती करताना नक्कल काढायची ती त्याच क्रोमोसोमवर गप्प ठेवलेल्या दुसऱ्या जातीच्या मजकुरावरून, झाली जात बदल, आता बहिणीशीच लग्न लागतं. तुमच्या पाकिटातलं यीस्ट बहुतेक आधीच जोडी जमलेलं असतं, त्याला हा उद्योग नाही. उरलेलं फ्रिजात ठेवा.