ज्यांच्याकडून शिकलो ते दीक्षा देत नाहीत, मग माझे गुरू कोण?

तुम्ही विचारलं आहे की एका गौडीय वैष्णव (चैतन्य महाप्रभूंच्या बंगालमधल्या कृष्णभक्तीच्या परंपरेतल्या) प्रवचनकारांकडून तुम्ही काही वर्षं भागवत ऐकता आहात आणि नामजपाची गोडीही त्यांनीच लावली. ते दीक्षा देत नाहीत. आता मंदिरातली मंडळी म्हणतात, दीक्षा अमुक महाराजांकडून घ्या, तेच तुमचे खरे गुरू. मग आजवर ज्यांनी शिकवलं ते कोण?

तेही गुरूच. तुमचं मन राखायला हे म्हणत नाही. मीही याच परंपरेत दीक्षा घेतली आहे, आणि ग्रंथ वाचायला मला ज्यांनी शिकवलं ते माझे दीक्षागुरू नव्हेत. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढेही होता आणि त्याचं उत्तर मी परंपरेच्या मूळ ग्रंथांत शोधलं.

या परंपरेचे आचार्य जीव गोस्वामी यांनी ‘भक्तिसंदर्भ’ या ग्रंथात याची मांडणी केली आहे. ज्यांच्याकडून तत्त्व ऐकतो ते श्रवणगुरू, भजन कसं करायचं ते शिकवणारे शिक्षागुरू (इथे शिक्षा म्हणजे शिकवण), आणि मंत्र देणारे मंत्रगुरू म्हणजेच दीक्षागुरू. पहिले दोन बहुधा एकच असतात आणि असे गुरू अनेक असू शकतात. मंत्रगुरू मात्र एकच. मंदिरातली मंडळी ज्या आग्रहाने बोलतात त्याचं मूळ या ‘एकच’मध्ये आहे, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण एकच असणं म्हणजे बाकीचे दुय्यम असणं, हे कुठून आलं?

चैतन्यचरितामृत, म्हणजे महाप्रभूंचं चरित्र, उघडून पाहा. आदिलीलेच्या (पहिल्या भागाच्या) पहिल्याच अध्यायात चरित्रकार कृष्णदास कविराज मंत्रगुरूंना आणि सगळ्या शिक्षागुरूंना एकत्र वंदन करतात. मग शिक्षागुरूंची नावं घेतात: रूप, सनातन, रघुनाथ भट्ट, जीव, गोपाल भट्ट, रघुनाथदास. मंत्रगुरूंचं नाव तिथे सांगितलेलं नाही. पुढे ते म्हणतात की दीक्षागुरू हे कृष्णाचं रूप, आणि शिक्षागुरू हेही कृष्णाचंच स्वरूप. आधाराला कवी बिल्वमंगलाच्या कृष्णकर्णामृत या संस्कृत काव्याचा पहिला श्लोक देतात. त्यात बिल्वमंगल सोमगिरींना गुरू म्हणतो आणि शिक्षागुरू म्हणून थेट मोरपीस धारण करणाऱ्या भगवंताचं नाव घेतो. शिक्षागुरूची जागा इथे खुद्द देवाला दिली आहे! तिला खालची म्हणायला निदान या ग्रंथात तरी आधार नाही.

हे कृष्णकर्णामृत चैतन्य महाप्रभूंना मिळालं ते आपल्याच बाजूला. दक्षिणयात्रेत ते कोल्हापूरहून पंढरपूरला आले, विठ्ठलाचं दर्शन घेतलं. तिथे त्यांना श्रीरंगपुरी नावाचे संन्यासी भेटले आणि संन्यास घेऊन गेलेल्या आपल्या थोरल्या भावाने पंढरपुरातच देह ठेवल्याचं कळलं. तिथून पुढे कृष्णवेण्णा नदीच्या तीरावर त्यांनी ब्राह्मणांच्या तोंडून कृष्णकर्णामृत ऐकलं आणि उतरवून घेतलं. चरितामृतातच हे सगळं आहे. आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढची परंपराही शिक्षेनेच जोडत गेली. रघुनाथदासांची दीक्षा यदुनंदन आचार्यांकडची, पण ते घडले पुरीत स्वरूप दामोदरांच्या हाताखाली. नरोत्तमदासांना दीक्षा दिली लोकनाथ गोस्वामींनी, ग्रंथ शिकवले जीव गोस्वामींनी. ब्रह्मसूत्रांवर गोविंदभाष्य लिहिणाऱ्या बलदेव विद्याभूषणांना दीक्षा राधादामोदरदासांची, शिक्षण विश्वनाथ चक्रवर्तींचं. विसाव्या शतकात भक्तिसिद्धांत सरस्वतींनी (1874–1937) गुरुपरंपरेची जी यादी पुढे ठेवली तिच्यातले कितीतरी दुवे दीक्षेचे नसून शिक्षेचे आहेत. वृंदावनातल्या आणि बंगालमधल्या जुन्या गोस्वामी घराण्यांना नि बाबाजींना (विरक्त साधूंना) ती मान्य नाही. मंत्र एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानात जात अखंड चालत आला पाहिजे, असं ते म्हणतात. मला भक्तिसिद्धांतांची यादी पटते, पण समोरच्यांचा आग्रह हलका नाही. मंत्राने विग्रहाची (मूर्तीची) अर्चना करायची तर दीक्षा लागते, ती शिक्षेने भागत नाही.

नामजपाला मात्र दीक्षेची अट नाही. बंगालमधल्या कुलीनग्रामच्या भक्तांना खुद्द महाप्रभूंनी हे सांगितलं आहे: नाम दीक्षेची वा पुरश्चरणाची (मंत्रसिद्धीसाठीच्या विधींची) वाट पाहत नाही. तेव्हा दीक्षा होईपर्यंतचा तुमचा जप वाया चालला आहे, असं कोणी सुचवलं तर मनावर घेऊ नका.

आता दुसरी बाजू, कारण दोन गुरू असले की तेढ होऊ शकते आणि ती पूर्वीही झाली आहे. मेदिनीपूरकडचे दुःखी कृष्णदास अंबिका-कालन्याच्या हृदयचैतन्यांचे शिष्य. गुरूंनीच त्यांना शिकायला वृंदावनात जीव गोस्वामींकडे पाठवलं. तिथे ते श्यामानंद झाले, कपाळावरचा टिळा बदलला. संप्रदायात सांगतात की राधेचं नूपुर त्यांना सापडलं आणि त्याचीच खूण त्या टिळ्यात उतरली. ही बातमी कालन्याला पोचली तेव्हा हृदयचैतन्य संतापले. त्यांची उपासना सख्यभावाची (कृष्णाच्या मित्राच्या भावाची), शिष्य निघाला मंजरीभावाकडे (राधेच्या दासीच्या भावाकडे), आणि जीवांनी माझ्या शिष्याला पुन्हा दीक्षा दिली, अशी त्यांची समजूत झाली. वस्तुतः जीवांनी तसं काही केलं नव्हतं. पुढे समेट झाला. श्यामानंद अखेरपर्यंत स्वतःला हृदयचैतन्यांचेच शिष्य मानत राहिले आणि जीवांकडून मिळालेलंही त्यांनी टाकलं नाही. मला या कथेत त्यांचं हे वागणं सगळ्यांत मोठं वाटतं.

आपल्याकडे तुकोबांचं पाहा. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात ‘रामकृष्णहरि’ मंत्र दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. सेवा करायलाही सवड मिळाली नाही, ही खंत त्यांनी अभंगात बोलून दाखवली आहे. (नावातलं ‘चैतन्य’ पाहून बाबाजींना गौडीय ठरवणारे आहेत, मला ते पटत नाही.) आणि शिकले कशावर? आपणच सांगतात, संतांची वचनं विश्वासाने, आदराने पाठ केली.

तुम्ही काय करावं? घाई करू नका. हरिभक्तिविलास या आचारग्रंथात गुरू-शिष्यांनी वर्षभर सहवासात राहून एकमेकांचा स्वभाव पारखावा असं सांगितलं आहे, आणि ही पारख दोन्ही बाजूंनी आहे. मंदिरातल्या मंडळींचा आग्रह हे दीक्षा घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आधी तुमच्या प्रवचनकारांनाच विचारा की त्या महाराजांबद्दल त्यांना काय वाटतं. मग महाराजांना पहिल्या भेटीतच मोकळेपणाने सांगा, मी अमुक यांच्याकडे शिकतो आहे आणि पुढेही शिकायचं आहे, आपली अनुमती असेल ना? दोघांच्या सिद्धांतात कुठे मूलभूत विरोध आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या. तसा विरोध असेल तर दीक्षेनंतर ओढाताण तुमची होईल. आणि विरोध नसतानाही, केवळ प्रवचनकार दीक्षागुरू नाहीत एवढ्यावरून, त्यांच्याकडे जाणं थांबवा असं उत्तर आलं, तर मी तुमच्या जागी असतो तर तिथे दीक्षा घेतली नसती.