दारावरचा दगड आणि चर्चची वही

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यातले जुने ख्रिस्ती. चरईतल्या आमच्या कौलारू घराच्या दारावर दगडात क्रूस आणि १८९७ असं कोरलंय. घर पुढच्या महिन्यात पुनर्विकासात जाणार आहे. आजोबांच्या मागचं कुणालाच ठाऊक नाही. पप्पा म्हणतात, तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चमध्ये नोंदी असतील. तिथे जाऊन नेमकं काय मागायचं?
– एक वाचक, चरई

उत्तर : आधी घर, मग चर्च. वही कपाटात थांबेल, घर थांबणार नाही. उद्याच सकाळी कोवळ्या उन्हात त्या दगडाचा फोटो काढा. उजेड समोरून नको, कडेनं पडू द्या; टॉर्च आडवी धरली तरी चालेल. खाचेत सावली धरली की झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. खडू मात्र चोळू नका. आकड्याखाली नाव असेल तर ते घर बांधणाऱ्याचं असू शकतं. आणि हात जोडून सांगते, दगड राडारोड्यात जाऊ देऊ नका, आत्ताच बिल्डरशी बोलून ठेवा. सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रकही काढा, त्यात धारकांची नावं मिळतील.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्या काळात या भागात ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. तुमचा आकडा लगेच पुढच्या वर्षाचा. त्यामुळे मयतीच्या वहीतली ती तीन-चार वर्षं नक्की बघा.

चर्चमध्ये ‘आमची सगळी माहिती द्या’ म्हणू नका. फादरांना आधी पत्र द्या आणि आजोबांच्या लग्नाची नोंद मागा. तिच्यात नवरा-नवरी दोघांच्या आईवडिलांची नावं सापडली की एका पिढीनं मागे गेलात. मग बाप्तिस्मा, मग त्या आईवडिलांचं लग्न, असं पायरीपायरीनं. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा समासही वाचा. १९०८पासून लग्न झालं की ते बाप्तिस्म्याच्या वहीतही टिपायचा नियम आला, त्यामुळे माणूस लग्न करून कुठे गेला ते तिथे कळतं. आडनावावर फार विसंबू नका. धर्मांतराच्या वेळी पाद्रींचं किंवा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या वडिलांचं, आडनाव घेतलं जाई, पुढे स्पेलिंगही बदलत गेलं. बापाचं नाव जुळतंय का, ते बघा.

जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात. मी माझ्या पणजीचा बाप्तिस्मा सप्टेंबरच्या नोंदींत शोधत होते. पानावर ‘७ब्रो’ लिहिलेलं दिसे. सातवा महिना म्हणजे जुलै, असं समजून मी ती पानं उलटत गेले आणि नोंद इथे नाहीच म्हणून दोन वर्षं दुसऱ्या गावाच्या वह्या चाळल्या. शेवटी एका वयस्कर फादरांनी त्या ७वर बोट ठेवलं. पोर्तुगीजमध्ये सात म्हणजे ‘सेते’, म्हणून ‘७ब्रो’ म्हणजे सेतेंब्रो, सप्टेंबर! तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर. त्याच पानावर पणजी होती, पाच दिवसांची. शाई तपकिरी पडलेली, धर्ममातेच्या नावावर वाळवीचं भोक. मी ती ओळ बोटानं तीनदा वाचली.

जाताना पप्पांना बरोबर न्या. एकाच नावाचे दोघं निघाले तर शेजारी कोण राहायचं, घराला काय म्हणायचे, हे त्यांनाच आठवेल.