सिरम आणि कंडिशनरमधलं सिलिकॉन अंगात जातं का?

केसांच्या सिरमवर 'सायक्लोपेंटासिलोक्सेन' हे सिलिकॉनचं नाव वाचून तुम्ही घाबरला असाल, तर ते समजू शकते. पण सगळी सिलिकॉन्स सारखी नसतात. डायमेथिकोन या सिलिकॉनचे रेणू लांबलचक, ते त्वचेवरच बसून राहतात. त्याची काळजी सोडा.

लक्ष द्यायचं ते गोल साखळीच्या सिलिकॉन्सकडे, म्हणजे थोडक्यात डी४, डी५ (हेच ते सायक्लोपेंटासिलोक्सेन), डी६. सिरमचा थेंब बोटांवर चोळून बघा: आधी रेशमासारखा घसरतो, थोड्या वेळात चिकटपणा न ठेवता कोरडा होतो. तो मुरत नाही, बराचसा हवेत उडतो. त्यामुळे त्वचेतून अगदी थोडं आत जातं, श्वासातून जास्त. डी४ प्रजननक्षमतेला घातक असल्याचा संशय असल्याने युरोपीय संघाने २०१९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. तिथेच धुऊन टाकायच्या उत्पादनांत डी४ आणि डी५ वर ०.१ टक्क्याची मर्यादा २०२० पासून आहे. तिचं मुख्य कारण मात्र पाण्यात आणि जलचरांत ते साठून राहणं.

लेबलवर 'सायक्लोमेथिकोन' दिसलं तरी ते याच गोल सिलिकॉन्सचं मिश्रण असतं. बाटली फेकायची गरज नाही. खिडकी उघडी ठेवून लावा, आणि तान्ह्या बाळाजवळ स्प्रे मारू नका, एवढं मी कळकळीने सांगेन.