डेटा साफ करून देऊ नका, आहे तसा मुलांच्या हातात द्या

तुम्ही विचारलंय की कॉलेजात नवीन लागलोय, एसवायच्या मुलांना भूकंप, भूजल हे सगळं पुस्तकातल्या आकृत्यांवरून न शिकवता खऱ्या डेटावर शिकवायचंय, पण डेटा मिळतो तो इतका अस्ताव्यस्त असतो की आधी आपण बसून साफ करावा का. मी नाशिकला बरीच वर्षं जिऑलॉजी शिकवतेय आणि माझं मत विचाराल तर नका करू. निदान पहिल्यांदा तरी आहे तसाच द्या.

किल्लारीचं सांगते म्हणजे लक्षात येईल. युएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) साइटवर भूकंपांचा कॅटलॉग फुकट आहे, नकाशावर चौकोन काढायचा, तारखा टाकायच्या, सीएसव्ही फाइल उतरवायची, एक्सेलमध्ये सरळ उघडते. मी महाराष्ट्राचा चौकोन देते आणि म्हणते किल्लारीचा भूकंप शोधा. पोरं तेव्हा जन्मलेलीही नव्हती पण घरात ऐकलेलं असतं, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, ३० सप्टेंबर १९९३. ती तारीख लावून शोधतात आणि सापडतच नाही. दरवर्षी कोणीतरी म्हणतं, मॅडम डेटा चुकलाय. मी काही बोलत नाही. मग कोणालातरी एक दिवस आधीची ओळ दिसते, २९ सप्टेंबर, रात्री साडेदहाच्या जरा आधी, मॅग्निट्यूड ६.२. थोडा वेळ गोंधळ चालतो आणि मग एखादी मुलगी म्हणते की ही वेळ आपली नाहीये, साडेपाच तास मिळवून बघा, आणि पहाटेचे ३.५६ येतात. लगेच कोयनेचा भूकंप काढायला सांगते, ११ डिसेंबर १९६७ची पहाट, तोही कॅटलॉगमध्ये १० तारखेला निघतो. युटीसी, म्हणजे कॅटलॉगमध्ये वापरतात ती जागतिक प्रमाणवेळ, काय असते हे मी आधी फळ्यावर लिहून द्यायचे तेव्हा परीक्षेपर्यंत कोणाच्या लक्षात राहायचं नाही, आता राहतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला जगभरचे ४.५ मॅग्निट्यूडच्या वरचे एका वर्षाचे भूकंप घ्या (एका वेळी २०,००० नोंदींपर्यंत मिळतात, तेवढ्यात आरामात बसतं) आणि खोलीचा आलेख काढायला लावा. बरोबर १० किलोमीटरवर ठिपक्यांची आडवी रेघ येते, पट्टी धरून काढल्यासारखी. जुन्या वर्षांचा डेटा घेतला तर तशीच रेघ ३३वर येते आणि ३३ बघून हुशार मुलं हमखास मोहो (कवच संपून प्रावरण सुरू होतं ती सीमा) म्हणतात! त्यांना तिथेच थांबवून विचारा की पृथ्वीवर सगळीकडे, समुद्राखाली पण, बरोबर ३३लाच कसं काय. खरं असं की नोंद करणारी स्टेशनं लांब असली की उथळ भूकंपाची खोली नीट ठरत नाही, म्हणून बाकीचं गणित सोडवायला ती ठरावीक धरून चालतात. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही आकडे मोजलेले आणि काही धरलेले, आणि दिसायला सगळे सारखेच. तुम्ही त्या १०च्या ओळी आधीच काढून टाकल्या असत्या तर हे मुलांना कधी कळलंच नसतं. पावसाचंही तसंच, हवामान खात्याच्या ग्रिड डेटात जिथे आकडा नाही तिथे -९९९ असतं, तसंच सरासरी केलं की पाऊस उणे येतो, एकदा आला की मुलं पुढे प्रत्येक फाइल आधी नजरेखालून घालतात.

पण माझ्या सगळ्यात जवळचं काम विहिरींचं. आमच्याकडे निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवल्याची मुलं येतात, बहुतेकांच्या घरी विहीर असतेच. दिवाळीच्या सुट्टीत पाण्याची पातळी मोजून आणायला सांगते, दोरीला दगड बांधून, टेपने. पहिल्या वर्षी जे आकडे आले त्यात कोणी कठड्यापासून मोजलं, कोणी जमिनीपासून, एकाने मोटर बंद करून दहा मिनिटांत मोजलं, पाणी परत भरलंच नव्हतं. हे सगळं वर्गात मुलांनीच एकमेकांना विचारून शोधून काढलं, मी फक्त ऐकत होते. मग एकजण म्हणाला आमच्या विहिरीला पाणी आहे आणि चुलत्यांच्या नाही, बांधाला बांध लागून आहे, असं कसं. अहो, दख्खनच्या बेसाल्टचा अख्खा धडा त्या एका प्रश्नात आला! लाव्ह्याचे थरावर थर, एका विहिरीला मांजऱ्या (सच्छिद्र) खडक किंवा भेगा लागल्या तर पाणी, दुसरीला नुसता काळा पाषाण लागला तर कोरडी. विहीर खणताना काय काय लागलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुरूम, गेरू, पाषाण असं क्रमाने पाठ असतं, ते मुलांना लिहून आणायला लावा, तोही डेटाच आहे आणि फार चांगला आहे. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतं, ते आकडे नंतर शेजारी ठेवा, आधी नको.

कॉम्प्युटर कमी असतील तर अडत नाही. दोनशे ओळी प्रिंट काढून ग्राफ पेपरवर ठिपके द्यायला लावा, ती १०ची रेघ हाताने काढताना उलट जास्त ठसते. एका सेमिस्टरला दोनच डेटासेट घ्या, जास्त नको, आणि जर्नलमध्ये एक पान फक्त 'काय खटकलं' याचं ठेवून त्याला मार्क द्या, नाहीतर मुलं खटकलेलं गुपचूप खोडतात.

आणि विहिरींचं करणार असाल तर पहिल्याच खेपेला कठड्यावर ऑइल पेंटची खूण करायला सांगा, मे महिन्यात तिथूनच मोजायचंय.