वायोमिंगलाही दोन आणि कॅलिफोर्नियालाही दोनच सिनेटर का?

पावणेसहा लाख लोकवस्तीचे वायोमिंग आणि जवळजवळ चार कोटींचे कॅलिफोर्निया यांना अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, सारख्याच जागा देण्यामागे कोणते तत्त्व आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येथे तत्त्व शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण हा निर्णय घासाघिशीतून झाला आणि तोही जेमतेम एका मताने.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात संविधान परिषद भरली, तेव्हा व्हर्जिनियाच्या योजनेनुसार दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या किंवा करभाराच्या प्रमाणात जागा मिळणार होत्या, तर न्यू जर्सीला पूर्वीप्रमाणे एकच सभागृह आणि प्रत्येक राज्यास एक मत हवे होते. समान मताचा हक्क सोडायचा नाही, असे डेलावेअरने आपल्या प्रतिनिधींना लेखीच बजावले होते. त्यांच्यापैकी गनिंग बेडफर्ड यांनी तर, वेळ पडल्यास लहान राज्ये परकी सत्तेचा हात धरतील, अशी उघड धमकी दिली.

कनिष्ठ सभागृहात लोकसंख्या आणि सिनेटमध्ये समानता, हा कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन यांचा तोडगा ११ जूनला फेटाळला गेला होता. १६ जुलैला तोच, करविषयक विधेयके कनिष्ठ सभागृहातच मांडण्याची अट आणि गुलामांची तीन-पंचमांश गणना (लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरणे) यांच्यासह एका गाठोड्यात बांधून मतास टाकला गेला आणि पाच विरुद्ध चार राज्यांनी मंजूर झाला. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोन-दोन असे विभागल्यामुळे त्या राज्याचे मत कोणाच्याच पारड्यात पडले नाही. त्यांतल्या बाजूने मत देणाऱ्या दोघांपैकी एक जरी फिरला असता, तरी बरोबरी होऊन ठराव पडला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांचे प्रतिनिधी पुढे काय करावे हे ठरवण्यासाठी जमले खरे, पण त्यांच्यातच एकमत होईना.

सिनेट म्हणजे राज्यांचा आवाज, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. कारण दोन्ही सिनेटर स्वतंत्रपणे, प्रसंगी परस्परविरुद्धही मत देतात, आणि नेमक्या याच कारणाने मेरीलँडच्या ल्यूथर मार्टिन यांनी सिनेटरांच्या स्वतंत्र मतांच्या तरतुदीस विरोध केला होता.

१७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या डेलावेअरच्या सुमारे साडेबारा पट होती, तर २०२० मध्ये कॅलिफोर्निया वायोमिंगच्या सुमारे अडुसष्ट पट होते. तरीही कोणत्याही राज्याची सिनेटमधील समानता त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही, असे अमेरिकी संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदात नमूद आहे.

आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे, कारण येथे राज्यांनी एकत्र बसून असा सौदा केलेला नव्हता. उलट १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन संसदेच्या कायद्याने झाले आणि राज्यसभेच्या जागांची वाटणीही त्याच कायद्याने ठरली.