वाचक विचारतात: टेबल बदललं की दिशा का बदलते?

प्रश्न: मॅडम, आमच्या कॉलेजच्या गटाने छोट्या उपग्रहासाठी मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, आणला. प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केला, म्हणजे वाचनं पडताळून दुरुस्त केली, पण शेजारच्या टेबलावर ठेवताच दिशा सात-आठ अंशांनी सरकली. सेन्सर बिघडलाय का?
– एक विद्यार्थी, विक्रोळी

उत्तर: सेन्सरला बोल लावण्याआधी टेबलाखाली वाकून बघ. पाय लोखंडी असतील. मागे कपाट असेल, स्लॅबमध्ये सळया तर आहेतच. मुंबईत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जेमतेम ४३ मायक्रोटेस्ला; जवळचं स्टूलही त्याला वाकवतं. मी एकदा दादरच्या गच्चीवर, टाकीपासून लांब, अख्खी दुपार वाचनं घेतली. सगळी फुकट! पदराला लावलेली सेफ्टी पिन सेन्सरपासून चार बोटांवर होती.

हे दुखणं मुंबईला जुनंच. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी १९०४ साली अलिबागला न्यायला सुरुवात झाली. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजत राहिले, म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा. याला म्हणतात कॅलिब्रेशन.

तू नुसता सेन्सर फिरवलास, तिथेच चुकलं. बॅटरी, बोर्ड, स्क्रूसकट उपग्रह पूर्ण जोड आणि मोकळ्या मैदानात सगळ्या अंगांनी फिरव. क्षेत्र तेवढंच असल्यामुळे तिन्ही अक्षांची वाचनं मांडली की गोळा दिसायला हवा. गोळ्याचा मध्य शून्यावरून सरकलेला असेल, तर ते उपग्रहातलंच कायमचं चुंबकत्व. तेवढं वजा कर. गोळा अंड्यासारखा लांबट आला, तर अक्षांची मापं कमीजास्त आहेत किंवा सेन्सरलगतचं मऊ लोखंड, म्हणजे स्वतः चुंबक नसलेलं पण क्षेत्रात सहज चुंबकासारखं वागणारं, क्षेत्र ओढतंय.

मात्र गोळा सुबक आला म्हणून पेढे वाटू नकोस. सेन्सर चौकटीत तीन अंश तिरपा बसला असेल, तरी गोळा तसाच दिसतो! तो तिरपेपणा पकडायला दुसरी ओळखीची दिशा लागते. जमिनीवर लाकडी ठोकळ्याला टेकवून नेमक्या कोनांत वळव; कक्षेत सूर्याची दिशा सांगणारा सूर्यसेन्सर आहेच. तसंही एकट्या चुंबकीय दिशेवरून उपग्रह नेमका कसा वळलाय हे पूर्ण कळत नाही, कारण त्या दिशेभोवती तो कितीही फिरला तरी वाचन तेच. २०१६ साली गेलेल्या आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’ उपग्रहावरही मॅग्नेटोमीटरच्या जोडीला सूर्यसेन्सर होते.

उपग्रह वळवायच्या कॉइल चालू असताना वाचन घेऊ नकोस. बंद कर, त्यांचं क्षेत्र विरू दे, मग मोज. आणि मैदानात जाताना पट्टा घरी ठेव, बक्कल लोखंडी असतं.